घरी बसणाऱ्या बाईचा अपघात दावा

आमच्या भागात मोटार अपघाताच्या दाव्याबद्दल दोनच वाक्यं ऐकायला मिळतात. एक, "सगळे पैसे वकीलच खातात." आणि दुसरं, "बाईमाणसाला काय मिळणार? ती कुठं कमावते?" हे सगळं लिहायला बसले ते या दुसऱ्या वाक्यामुळे. मी कराड तालुक्यातल्या एका गावात राहते. अपघात झाला तेव्हा माझं वय ४४ होतं. नोकरी नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, डेअरीचं खातंसुद्धा नवऱ्याच्या नावावर. अशा बाईचा दावा कोर्टात कसा उभा राहतो ते मी स्वतः पाहिलं, म्हणून सांगते.

जून २०२२. विट्याकडचं लग्न उरकून आम्ही दोघं स्कूटरवरून कराडकडे येत होतो. हे चालवत होते, मी मागे. कडेगाव तालुक्याच्या हद्दीत मागून भाजीपाल्याची एक पिकअप आमच्या पुढं काढायला गेली. समोरून ट्रक आला, तसा पिकअपवाल्यानं एकदम डावीकडं दाब दिला. हे मातीत फेकले गेले, खरचटण्यावर निभावलं. माझा उजवा पाय मात्र पिकअपच्या मागच्या चाकाखाली आला. नडगीची दोन्ही हाडं मोडून बाहेर दिसत होती. दोन तरुण पोरांनी मला उचलून गाडीत घातलं. त्यातला एक सारखा म्हणत होता, "आम्हाला पोलीस केसमध्ये नको घ्यायला." मदत करणाऱ्याला पोलिसांनी नाव सांगायची सक्ती करायची नाही, असं कायद्यात २०१९ पासून लिहिलेलं आहे, हे मला नंतर समजलं. त्या पोरांना तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पायात रॉड बसवला. जखम चिघळली, मांडीची कातडी काढून नडगीवर लावावी लागली. हाड जुळलं, पण गुडघा पूर्वीसारखा वाकेना, आणि तो पुढं कधीच पूर्ण वाकला नाही. उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये याचा अर्थ वेगळा असेल. माझ्या घरी उकिडवं बसल्याशिवाय म्हशीची धार निघत नाही, चुलवणापुढं बसता येत नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं अंग पुसता येत नाही.

हॉस्पिटलात असतानाच दोन प्रकारची माणसं येऊन गेली. पहिले पिकअपचे मालक, त्यांच्या मेव्हण्याला घेऊन. "ताई, वीस हजार देतो, मिटवून टाकू, गरीब माणूस आहे." माणूस खरंच भेदरलेला होता. त्याला वाटत होतं की केस झाली तर गाडी विकून आमचे पैसे भरावे लागतील. यांनी त्याला शांतपणे विचारलं, "गाडीचा विमा चालू आहे ना?" चालू होता. थर्ड पार्टी विमा असतोच यासाठी, की रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला झालेल्या नुकसानीचे पैसे विमा कंपनीनं भरावेत. हे समजल्यावर त्यानंच पॉलिसीची झेरॉक्स आणून दिली. कुणाला गाडीवाला सापडत नसेल किंवा तो दाद देत नसेल, तर गाडीच्या नंबरावरून परिवहन खात्याच्या ॲपवर विमा चालू आहे का ते पाहता येतं.

दुसरे आले ते एजंट. हातात कोरं वकीलपत्र, "फक्त सही करा, काम झाल्यावर पंचवीस टक्के, आधी एक रुपया नको." वॉर्डातल्या बऱ्याच जणांनी सह्या केल्या. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे, हे आमच्या वकीलताईंनी पुढं सांगितलं. त्यांनी फी आधीच आकड्यात सांगितली आणि हप्त्यानं घेतली. ज्यांना तेही जमत नाही अशा बायकांसाठी आणखी एक वाट आहे, आणि ती गावोगाव सांगायला हवी: विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज केला तर स्त्रीला सरकारी खर्चानं वकील मिळतो. नवऱ्याचं उत्पन्न किती, शेती किती, हे त्यात बघत नाहीत. स्त्री असणं पुरेसं आहे. तालुका कोर्टातसुद्धा त्यांचं कार्यालय असतं.

आता कागदांबद्दल. फिर्याद यांनी दिली होती. त्यात नेहमीचं वाक्य: "हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने वाहन चालवून". भारतीय दंड संहितेची २७९, ३३७ आणि ३३८ ही कलमं लावली. (आता त्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, तिथं कलमांचे नंबर वेगळे.) दाव्यासाठी फिर्यादीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, इंज्युरी सर्टिफिकेट, गाडीचं आरसी, पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स, फॉर्म एए (अपघात, गाडी आणि विमा यांची माहिती देणारा पोलिसांचा नमुना) आणि नंतर दोषारोपपत्र एवढं लागतं. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडं, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाकडं, स्वतःहून पाठवायचा असतो. आमच्या बाबतीत एकेक कागद मागून, थांबून, पुन्हा मागून घ्यावा लागला. यांनी प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. ती सवय फार कामाला आली.

पंचनाम्याकडं लक्ष द्या. आमच्या पंचनाम्यात स्कूटर डाव्या कडेला मातीत पडलेली, काचांचे तुकडे डांबराच्या डाव्या काठाला, असं स्पष्ट लिहिलं होतं. पुढं विमा कंपनीनं "स्कूटरस्वार अचानक उजवीकडं वळला" असा बचाव घेतला, तेव्हा त्या दोन ओळींनी तो हाणून पाडला. आणि मी तर मागे बसलेली. वकीलताई म्हणाल्या, समजा दोन्ही चालकांची चूक निघाली असती, तरी मागे बसलेल्याची त्यात काही चूक नसते, आणि तो कोणत्याही एका गाडीवाल्याकडून पूर्ण भरपाई मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे. नवऱ्याच्या मागे बसून जखमी झालेल्या कितीतरी बायका "आपल्याच माणसावर ठपका येईल" म्हणून दावाच लावत नाहीत. तसं घाबरायचं कारण नाही.

मुदतीचं मात्र गांभीर्यानं घ्या. एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करायचा, अशी तरतूद लागू झाली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नये. पायाला प्लास्टर, घरात सासूबाई, मुलाची बारावी, यात सहा महिने कसे जातात कळत नाही. आमचा अर्ज नोव्हेंबरमध्ये दाखल झाला. अपघात सांगली जिल्ह्यातला असला तरी दावा कराडच्या कोर्टात लावता आला, कारण अर्जदार राहतो तिथंही तो लावता येतो. हेलपाटे निम्म्यानं वाचले. सामनेवाले तीन: ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी. ड्रायव्हर कधी आलाच नाही, त्याच्याविरुद्ध एकतर्फी चाललं.

अर्ज लिहितानाच पहिला खटका उडाला. व्यवसायाच्या रकान्यात टायपिस्टनं सवयीनं "घरकाम" लिहिलं आणि उत्पन्नासमोर रेघ मारली. वकीलताईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि मला म्हणाल्या, "पहाटे उठल्यापासून काय काय करत होता ते सांगा. एकही काम गाळू नका." मी सांगत गेले. साडेचारला शेणघाण, धार, डेअरीला दूध, मग चहा, सासूबाईंचं अंग पुसणं, डबे, धुणं, दुपारी वैरण, ऊस तुटायच्या दिवसांत रानातल्या माणसांची भाकरी, संध्याकाळी पुन्हा धार. त्या लिहीत गेल्या, पान भरलं. मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. इतकी वर्षं ते पान कुणीच लिहिलं नव्हतं, माझं मी सुद्धा.

घरी राहणाऱ्या बाईच्या कामाला किंमत आहे हे आपल्या न्यायालयांनी एका दिवसात मान्य केलेलं नाही. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीत ज्या गृहिणी गेल्या, त्यांच्या सेवेचं मोल महिना ३,००० रुपये धरावं, असं सर्वोच्च न्यायालय २००१ मध्ये म्हणालं. त्याआधी हिशेब याहूनही तुटपुंजा होता. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या परिशिष्टात तर न कमावणाऱ्या पत्नीचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरायचं, असं सरळ लिहिलेलं होतं. २०१० मध्ये न्यायालयानं त्यावर कडक शब्दांत टीका केली. आणि जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात तीन न्यायमूर्तींनी लोकांचा दिवसातला वेळ कशात जातो याच्या देशातल्या पाहणीचे आकडेच मांडले: घरातल्या बिनपगारी कामात बाई रोज सरासरी २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७. आमच्या वकीलताईंनी हा निकाल दाव्याला जोडला. मी मराठी माध्यमातली बी.ए. आहे, इंग्रजी निकाल वाचायला मला मुलाची मदत लागली, पण तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचून घेतला.

तरी निकाल जोडला म्हणजे काम झालं असं नाही, पुरावा द्यावा लागतो. अडचण होती ती दुधाची. दोन म्हशी मीच सांभाळत होते, पण संस्थेतलं खातं यांच्या नावावर. कंपनीच्या वकिलांचं म्हणणं एका ओळीचं: दुधाचं बिल पतीच्या खात्यात जमा होतं, म्हणजे ते पतीचं उत्पन्न. आमच्या गावातल्या नव्वद टक्के घरांत असंच असेल. धार बाई काढते, पासबुक पुरुषाचं. मग आम्ही दोन गोष्टी केल्या. दूध संस्थेच्या सचिवांनी कोर्टात येऊन सांगितलं की सकाळ-संध्याकाळ दूध घालायला या बाईच यायच्या, आणि अपघातानंतर दूध निम्म्यावर आलं, मग बंदच झालं. संस्थेच्या रजिस्टरमधून त्या महिन्यांचे आकडे त्यांनी दाखल केले. म्हशी आम्हाला विकाव्या लागल्या होत्या, त्याची बाजाराची पावती होती. दुसरं म्हणजे, सासूबाईंचं करायला आणि स्वयंपाकाला शेजारच्या वहिनींना आम्ही पगार देत होतो. त्यांची दर महिन्याची सही पहिल्या महिन्यापासून वहीत घेतलेली होती. त्या साक्षीला आल्या तेव्हा थरथरत होत्या, पण बोलल्या स्वच्छ.

माझा उलटतपास मला शब्दन् शब्द आठवतो.

"तुम्ही कुठं नोकरी करत नाही, हे खरं आहे का?"
"खरं आहे."
"तुम्हाला पगार मिळत नाही, आयकर भरत नाही?"
"नाही."
"म्हणजे अपघातामुळं तुमचं कोणतंही उत्पन्न बुडालेलं नाही?"

मी न्यायाधीश मॅडमकडं बघून म्हणाले, "साहेब, मी करत होते ते काम आता पैसे देऊन करून घ्यावं लागतंय. ते पैसे बुडाले नाहीत तर काय झाले?" वकील म्हणाले, विचारलंय तेवढंच सांगा. मॅडमनी मात्र ते उत्तर लिहून घ्यायला सांगितलं. त्यांनी तोंडावर काहीही दाखवलं नाही, पण लिहून घेतलं.

अपंगत्वाचा दाखला हा असाच वादाचा विषय. मला साताऱ्याच्या सिव्हिलमधून मिळाला त्यात उजव्या पायापुरतं ३८ टक्के कायमचं अपंगत्व होतं. कंपनीनं म्हटलं, हे एका पायाचं, पूर्ण शरीराचं धरलं तर १३ टक्क्यांच्या आसपास. इथं राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उपयोगी पडला. दाखल्यावरचा टक्का जसाच्या तसा उचलायचा नाही, त्या माणसाच्या कामावर त्या अपंगत्वाचा काय परिणाम झाला ते बघायचं, असं त्यात आहे. कारकुनाचा पाय आणि धार काढणाऱ्या बाईचा पाय यांचा हिशेब सारखा होत नाही. डॉक्टरांची साक्ष झाली. त्यांना आमच्या वकीलताईंनी एवढंच विचारलं, "या बाई जमिनीवर उकिडव्या बसू शकतील का?" ते म्हणाले, "नाही. पुढंही नाही."

मध्ये लोकअदालत झाली. कंपनीनं अडीच लाख देऊ केले. दवाखान्याचंच बिल २,८६,००० होतं. हे म्हणाले, "घेऊन टाकूया, कटकट मिटेल." यांचंही चूक नव्हतं, हातउसने घेतलेले पैसे लोक मागत होते. मी मध्यस्थी करणाऱ्या साहेबांना विचारलं की यात माझ्या कामाचे किती धरलेत. त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्याकडं बघितलं. अधिकारी म्हणाले, "मॅडम, घरकामाचं आम्ही काही धरत नाही." मी सही केली नाही. लोकअदालतीला माझा विरोध नाही, बऱ्याच लोकांचं तिथं चांगलं होतं आणि लवकर होतं. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्यापूर्वी समोरचा आकडा कशाकशाचा मिळून झालाय हे विचारून घ्यायचा हक्क आपल्याला आहे.

कंपनीचा शेवटचा मुद्दा लायसन्सचा होता. ड्रायव्हरकडं हलकी वाहनं चालवायचं लायसन्स होतं, मालवाहू गाडीसाठी वेगळी नोंद नव्हती, म्हणून आम्ही जबाबदार नाही, असं त्यांचं म्हणणं. दावा चालू असतानाच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निर्णय दिला की साडेसात हजार किलोपेक्षा कमी वजनाच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. पिकअप त्या मर्यादेच्या कितीतरी खाली. तो मुद्दा तिथंच संपला. पिकअपचे मालक त्या दिवशी कोर्टात होते. बाहेर आल्यावर त्यांनी यांचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

निकाल सप्टेंबर २०२५ मध्ये लागला. हिशेब कसा होतो ते सांगते, कारण आम्हाला तो आधी कुणी सांगितला नव्हता. न्यायाधिकरणानं माझं घरकाम आणि दुधाचं काम मिळून महिना ९,००० रुपये धरले. वर्षाचे १,०८,०००. वय ४० ते ५० मध्ये असल्यानं भविष्यातल्या वाढीसाठी त्यात २५ टक्के मिळवले, १,३५,००० झाले. हा टक्का सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालातला. मग वयाप्रमाणे गुणक लावतात, म्हणजे वर्षाच्या रकमेला ठरलेल्या आकड्यानं गुणतात, तो त्याच न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातून घेतात: ४१ ते ४५ वयाला १४. झाले १८,९०,०००. कामाच्या क्षमतेतली घट ३० टक्के मानली, म्हणून त्याचे ५,६७,०००. त्यात दवाखान्याची बिलं, वेदनांबद्दल ७५,०००, जगण्यातला आनंद गमावल्याबद्दल ५०,०००, मदतनीस, प्रवास आणि खुराक मिळून ६०,०००, पुढं रॉड काढण्यासाठी ४०,०००. एकूण १०,७८,०००, आणि अर्ज दाखल केल्या तारखेपासून साडेसात टक्के व्याज.

९,००० हा आकडा कमी आहे, असं माझं ठाम मत आहे. पहाटे साडेचार ते रात्री दहापर्यंतच्या कामाला माणूस लावून बघा, या पैशांत कुणी टिकणार नाही. आम्ही १५,००० मागितले होते. वकीलताई म्हणाल्या, उच्च न्यायालयात वाढीसाठी अपील करता येईल, ९० दिवस आहेत. मी विचार करून नको म्हटलं, देणी फेडायची घाई होती. पण ज्यांना शक्य असेल त्यांनी जरूर करावं. खालच्या कोर्टात धरलेला आकडा वरती वाढतो, तेव्हा तो पुढच्या बायकांसाठीही वाढतो.

कंपनीनंही अपील केलं नाही, रक्कम जमा केली. निम्मी रक्कम तीन वर्षांसाठी राष्ट्रीयीकृत बँकेत माझ्या नावानं मुदत ठेव करायची आणि निम्मी खात्यात द्यायची, असा आदेश होता. बँकेत साहेबांनी विचारलं, "जॉइंट करायचं का, मिस्टरांसोबत?" हे शेजारी बसले होते, तेच म्हणाले, "नको. कोर्टानं तिच्या नावानं दिलंय, तिच्याच नावानं ठेवा." हातउसने त्याच आठवड्यात फेडले. रॉड काढायचा आहे, डॉक्टर म्हणतात थंडी संपल्यावर. फौजदारी खटला अजून कडेगावच्या कोर्टात चालू आहे, माझी साक्ष व्हायची आहे, समन्स आलं की जाणार आहे. दोन्ही खटले वेगळे असतात. तिकडं ड्रायव्हर सुटला तरी इकडची भरपाई परत जात नाही.

गावातल्या एका मुलीच्या आईचा परवा हायवेवर अपघात झाला. ती विचारायला आली, तेव्हा मी तिला आधी एक वही दिली आणि सांगितलं, आजपासून आईची जी कामं दुसरं कुणी करतंय, ती तारखेनिशी लिही आणि करणाऱ्याची सही घे.